नाव चुकवलं त्यांनी, शपथ घ्यायची आम्ही

‘वन अँड द सेम पर्सन’ हे शब्द नवी मुंबईत इंग्रजी न येणाऱ्या माणसांनाही ठाऊक आहेत. जासई, उलवे, घणसोली, दिवाळे, कुठल्याही गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा. हे शब्द त्यांना वाचता येणार नाहीत, पण त्यांच्यासाठी कुठे रांग लावली, किती खेपा घातल्या, कुणाला किती पैसे मोजले, ते सगळं सांगतील. एका कागदावर नाव असं आणि दुसऱ्यावर तसं असलं, की ही दोन्ही नावं माझीच आहेत असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. त्या प्रतिज्ञापत्रातलं हे मुख्य वाक्य. मी पनवेलला कचेरीसमोर टेबल टाकून बसते आणि अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देते. आधी टाईपरायटरवर करायचे, आता संगणकावर. इतर सगळे मजकूर बदलत गेले, हे वाक्य बदललं नाही. गिऱ्हाईक त्याला ‘सेम नावाचं ॲफिडेव्हिट’ म्हणतं. ‘ताई, एक सेमवालं काढून द्या,’ म्हणत माणसं येतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले कागद एकेक करून टेबलावर मांडतात.

माझा संसार ज्या कामांवर चालतो त्यातलं हे एक. तरीही मी उघडपणे लिहिते आहे, की हे प्रतिज्ञापत्र बंद झालं पाहिजे. नाव ज्या कार्यालयाने चुकवलं, ते नीट करून देणं त्याच कार्यालयाचं काम आहे. आज ते काम चुकीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं, आणि तेही त्याला न समजणाऱ्या भाषेत.

आपल्याकडे हा प्रश्न एवढा का माजला, हे कळायला जमिनीपाशी जावं लागतं. 17 मार्च 1970 ला नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाजणं गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या बाजूला आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत द्यायचा. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा, म्हणजे हातात पावणेनऊ. 1990 मध्ये शासन निर्णय निघाला, 1994 मध्ये त्याची व्याप्ती वाढली. पुढे नवी मुंबई विमानतळाखाली गेलेल्या दहा गावांसाठी 2014 मध्ये साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज ठरलं.

भूखंड मूळ खातेदाराला मिळणार, तर मूळ खातेदार कोण? भूसंपादनाच्या निवाड्यात ज्याचं नाव आहे तो. निवाड्यातलं नाव आलं सातबाऱ्यावरून आणि सातबाऱ्यावरचं आलं तलाठ्याच्या कानावरून. आमच्या आगरी-कोळी घरांत हाक मारायचं नाव तेच माणसाचं नाव असायचं. नामा, राघो, पदू, जोमा, पोशा, चांगा. तलाठ्याने विचारलं, घरच्यांनी सांगितलं, त्याने लिहिलं. तोच नामा शाळेत गेला तेव्हा गुरुजींना नाव अपुरं वाटलं, त्यांनी नामदेव केलं. रेशनकार्डावर नामाजी झाला. मेला तेव्हा ग्रामपंचायतीच्या नोंदीत पुन्हा नामा. बापाचंही तसंच, पांडू नाहीतर पांडुरंग. काही जुन्या नोंदींत आडनावाचा पत्ताच नाही. आणि यात त्या नामाने काय केलं? त्याने एकाही कागदावर स्वतःच्या हाताने नाव लिहिलेलं नव्हतं. तो अंगठा उठवायचा.

जुन्या महसुली लिखाणाला हे माणसांचं वागणं माहीत होतं. म्हणून तिथे ‘ऊर्फ’ होता. नामा ऊर्फ नामदेव पांडू, एवढं लिहिलं की प्रश्न संपला. अरबीतून आपल्याकडे आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या दप्तरात मुरलेला हा शब्द. तो लिहायचा कोण, तर तलाठी. गावात चौकशी करून, पोलीस पाटलाला विचारून, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या जबाबदारीवर. आज ऑनलाइन फॉर्मात पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. ऊर्फला रकाना नाही. दप्तरातल्या एका ओळीत मावणारी गोष्ट आता वेगळ्या कागदावर, वेगळ्या भाषेत, वेगळा खर्च करून लिहावी लागते, आणि लिहिणारा हात सरकारचा राहिलेला नाही.

त्यात इंग्रजीची भर पडली. देवनागरीत म्हात्रे लिहायची एकच रीत आहे. इंग्रजीत एमला लागून एच घेतला तर म्हात्रे, मध्ये ए शिरला तर महात्रे. ठाकूरमध्ये यू घ्यायचा की दोन ओ? लक्ष्मणमध्ये एक्स की के-एस-एच? दीपकला एक आय की दोन ई? ज्ञानेश्वर डी-एन-वाय पासून सुरू होतो की जी-वाय पासून? शाळेतल्या कारकुनाने एक लिहिलं, बँकेने दुसरं, पॅनकार्डाचा फॉर्म भरणाऱ्या एजंटाने तिसरं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. व्हिसाच्या फॉर्मात वडिलांचं नाव कुठे घालायचं हे कुणाला नीट ठाऊक नसतं, त्यामुळे ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळून पडतं. आधारवर मराठीतही नाव असतं खरं. पण नोंदणीच्या वेळी इंग्रजी अक्षरं टाईप केली की त्यावरून मराठी नाव यंत्रच तयार करतं. ऑपरेटर घाईत असला तर पाटीलचा पाटिल होतो, ठाकूरचा ठाकुर. ज्ञानेश्वर नावाच्या मराठी मुलाचं मराठी नाव आधी इंग्रजीत जातं आणि तिथून फिरून चुकीचं होऊन मराठीत येतं! बरं, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. दुरुस्तीतही चूक झाली तर एक संधी वाया गेली.

या बाबतीत आपण एकटे नाही. गोव्यात पोर्तुगीज लेखनिकांनी कामतांचे कामोतिम केले आणि शेणव्यांचे सिनाई. ती रूपं जुन्या नोंदींत तशीच आहेत आणि नातवंडं-पतवंडं आजही त्यांचा मेळ घालत बसतात.

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त कागद येतात ते बायकांचे. माझ्या आईचं माहेरचं नाव एक होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं ते दुसरं. आजीचं तसंच, मावश्यांचं तसंच. पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव बदललं. तीन शब्दांतला एकही शिल्लक राहिला नाही. पुरुषाच्या कागदांत निदान एखाद्या अक्षराचा फरक असतो, डोळ्यांना साम्य तरी दिसतं. बाईच्या कागदांत दोन पूर्ण वेगळ्या बायका दिसतात, आणि त्या दोघी म्हणजे मी, असं तिने पटवून द्यायचं. कशाच्या आधारावर? जन्म घरी झाला. शाळा नाही, असली तर दुसरी-तिसरीपर्यंत. लग्नाची नोंद नाही. नाव बदललं ते तांदळात. त्याचा उतारा कोण देणार?

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. इथे हक्काचा प्रश्न आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. कायदा इतका स्वच्छ आहे. पण निवाड्यात बापाचं नाव, बापाच्या घरात तिचं माहेरचं नाव आणि तिच्या हातात सासरच्या नावाचं आधारकार्ड. भावाच्या मनात असलं तर तो शपथेवर सांगतो, ही माझी बहीण. वाटणीवरून बिनसलं असलं तर तो गप्प राहतो. मग हा सेमचा कागद तिच्या हक्काच्या आड उभा राहतो. सत्तरी ओलांडलेल्या बायका मी माझ्यासमोर रडताना पाहिल्या आहेत. भूखंड मिळो न मिळो, ‘बापाची लेक आहे हेच सिद्ध करायला सांगतात,’ हे त्यांना सहन होत नाही.

2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी झुंबड उडाली तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. रेशनकार्ड एका नावाचं, बँकेचं पासबुक दुसऱ्या, आधार तिसऱ्या. दीड हजार रुपयांसाठी आलेली बाई आधी कागदांवर खर्च करत होती. त्याच वर्षी मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा निर्णय झाला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांना तो लागू आहे. हा निर्णय मला मनापासून आवडला. पण एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर तीन शब्द आणि धाकट्याच्या दाखल्यावर चार असतील. आईच्या नावाचं इंग्रजी लेखन जन्माच्या नोंदीत वेगळं आणि तिच्या आधारवर वेगळं पडलं, तर वीस वर्षांनी ती मुलंही माझ्यासारख्या कुणासमोर येऊन बसतील. आत्ताच, नोंद करतानाच, आईला स्वतःचं नाव वाचून पाहू दिलं तर हे टळेल.

आता त्या इंग्रजी शब्दांविषयी. बाजारात एक मुलगी दुसरीला सांगते, ‘सेम टू सेम ड्रेस मिळाला.’ म्हणजे ड्रेस दोन, दिसायला एकसारखे. प्रतिज्ञापत्रातलं सेम याच्या बरोब्बर उलटं आहे: दिसायला नावं दोन, माणूस एक. आपल्या लोकांच्या कानाला सेमचा पहिला अर्थ सवयीचा झाला आहे आणि सही मात्र दुसऱ्या अर्थाखाली करायची असते. उरणकडचे एक आजोबा माझ्यावर संतापले होते. मी मजकूर इंग्रजीत वाचला आणि त्यांच्या नातवाने ‘सेम माणूस’ असं समजावलं. त्यांना वाटलं, यांच्यासारखाच आणखी एक जण आहे असं ताईने लिहिलं. ‘माज्यासारका दुसरा कोन नाय, मीच हाय,’ असं म्हणून त्यांनी अंगठा द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मराठीत सारखा वेगळा आणि तोच वेगळा. हा घोटाळा आपल्या भाषेत होतच नाही. ‘वरील दोन्ही नावं माझीच आहेत’ एवढं वाक्य पुरतं. मी ते टाईप करून वाचून दाखवलं की माणूस मान डोलावतो आणि पेन मागतो.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले ते जुने वकील सांगायचे, इंग्रजी कायद्याला शब्दांच्या जोड्या लावायची सवय आहे: नल अँड व्हॉइड, विल अँड टेस्टामेंट. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या कारभारात फ्रेंच, लॅटिन आणि इंग्रजी शेजारी शेजारी चालत होत्या, कुणाला काय कळेल याचा नेम नव्हता, म्हणून अशा जोड्या रुजल्या. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून तिथे एकाला दोन शब्द वापरले. आपण तेच शब्द अशा लोकांपुढे ठेवतो ज्यांना त्यातला एकही कळत नाही. राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना 21 जुलै 1998 ची आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आणि तरी मी मराठीत करून दिलेलं प्रतिज्ञापत्र काही खिडक्यांवरून ‘इंग्लिशमध्ये आणा’ म्हणून परत येतं. गिऱ्हाईक पुन्हा माझ्याकडे येतं आणि त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते मेलेल्या माणसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र. खातेदार आजोबा 1980 च्या आधी वारलेले. बाप वारलेला. नातू पंचविशीतला, कुठल्याशा कॉल सेंटरात नाहीतर गोदीत कामाला. त्याने आजोबांना पाहिलेलंच नाही, घरात फोटोसुद्धा नाही. आणि तो शपथेवर लिहून देतो, की माझे आजोबा अमुक आणि तमुक हे ‘वन अँड द सेम पर्सन’ होते. खाली ओळ असते की हे माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे, आणि खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र राहीन. खोट्या पुराव्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, न्यायालयातल्या कामात सात वर्षांपर्यंत. तो मुलगा सही करताना एकदा माझ्याकडे बघतो. म्हणतो, ‘ताई, आजा तं येकच होता ना.’ होता. गावाला ते ठाऊक आहे, सरपंचाला ठाऊक आहे, समोरच्या कारकुनालाही बहुधा ठाऊक आहे. पण धोका फक्त त्या मुलाने पत्करायचा. नामाचा नामदेव ज्यांनी केला, त्यांच्या कुणाच्याही सहीची या कागदावर गरज नसते.

सरकारच्या स्वतःच्या नावांचं बघा. पनवेल-उरणच्या जमिनी ज्या जिल्ह्यात गेल्या त्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, 1981 पासून रायगड झालं. जुन्या पत्रव्यवहारावर न्यू बॉम्बे आहे, आज नवी मुंबई आहे. 1995 मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, तरी उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात बॉम्बे कायम आहे. पाटीवर कुठे नेरूळ, कुठे नेरुळ. कुठे कोपरखैरणे एका शब्दात, कुठे दोन. कुलाबा आणि रायगड हा एकच जिल्हा, असं प्रतिज्ञापत्र शासनाने कधी कुणाला दिलं का? गरजच पडली नाही, कारण तो बदल सरकारच्या दप्तरात नोंदलेला आहे आणि सगळ्यांनी तो मानायचा असतो. सरकारला जी सोय आहे ती नामालाही मिळावी, एवढंच माझं मागणं आहे. त्याच्या नावातला बदलही सरकारच्याच माणसांनी केलेला आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते मी हलक्यात घेत नाही. साडेबारा टक्क्यांचे भूखंड आज कोट्यवधींचे आहेत. बनावट वारस उभे राहतात, नावसाधर्म्याचा फायदा घेऊन दुसऱ्याचा भूखंड लाटायचे प्रकार होतात. अशा वेळी कार्यालयाने डोळे मिटून कागद मान्य करावेत, असं मी कधीच म्हणणार नाही. पण ज्याला कोटींचा भूखंड लाटायचा आहे तो शपथपत्राच्या कागदाला थांबेल का? खोटं बोलणाऱ्याला खोटी शपथ जड नसते. जड जाते ती खरं बोलणाऱ्या म्हाताऱ्याला, जो अंगठा देण्याआधी देवाचं नाव घेतो. लबाड माणूस अडतो तो गावात जाऊन केलेल्या चौकशीने. तलाठी चावडीवर बसला, चार जुनी माणसं बोलावली, भावकीला समोर विचारलं, पंचनामा केला आणि गावात वाचून दाखवला, तर खोटा नामदेव दहा मिनिटांत उघडा पडतो. ही चौकशी कष्टाची आहे म्हणून तिच्या जागी कागद आला. त्या कागदामुळे फसवणूक थांबली नाही, फक्त चौकशी टळली.

नावातल्या अक्षराचा फरक माणसाला कुठवर नेऊ शकतो हे आसामने पाहिलं आहे. 31 ऑगस्ट 2019 च्या अंतिम नागरिक नोंदणी यादीतून 19 लाखांहून अधिक लोक वगळले गेले. नलबारी जिल्ह्यातल्या मोहम्मद रहीम अलींना 2012 मध्येच परदेशी ठरवलं गेलं होतं. त्यांच्या कागदांतल्या नावांच्या आणि तारखांच्या लहानसहान फरकांवर बोट ठेवलं गेलं. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भारतीय ठरवलं आणि नावाच्या लेखनातला फरक ही देशभर आढळणारी गोष्ट आहे, असं म्हटलं. निकाल त्यांच्या बाजूने लागला तेव्हा रहीम अली हयात नव्हते. आपल्याकडे भूखंड अडतो, पेन्शन अडते, पीएफ अडतो. तिथे माणसाचा देश अडला. मूळ चूक सगळीकडे तीच, कुणातरी लिहिणाऱ्याची.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही, आहेत तेच वापरात आणले तरी पुष्कळ होईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 155 व्या कलमात अधिकार अभिलेखातले लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय 1966 पासून आहे. मार्च 2015 च्या शासन निर्णयाने, कायद्याची सक्ती नसेल तिथे प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र घ्यावं असं सांगितलेलं आहे. सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला, त्यानंतर मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी ही माफी पुन्हा जाहीर केली. एवढं असूनही माणसं पाचशेचा कागद हातात घेऊनच माझ्याकडे येतात, कारण खिडकीवरून त्यांना तसं सांगून पाठवलेलं असतं. मी माफीचा विषय काढला की म्हणतात, ‘ताई, वाद नको. उगाच फाईल मागे पडंल.’ ही भीती त्यांच्या मनात कशी बसली, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एखाद्या दिवशी साध्या कपड्यांत येऊन रांगेत उभं राहून पाहावं.

ज्या फॉर्ममध्ये नाव विचारलं जातं त्यात देवनागरी नाव मूळ धरावं, इंग्रजी लेखन त्यावरून एकाच ठरलेल्या नियमाने व्हावं, आणि ऊर्फचा रकाना परत यावा. नावात फरक दिसला तर अर्जदाराला परत पाठवण्याआधी त्या खिडकीने स्वतःच्या दप्तरात शोधावं आणि दुरुस्तीवर स्वतः सही करावी. लग्नाने नाव बदललेल्या बाईकडून वेगळी शपथ घेऊच नये. तिच्या बाबतीत दोन नावं असणं हा आपल्या समाजाचा रिवाज आहे आणि प्रत्येक अधिकाऱ्याच्या स्वतःच्या घरात त्याचा दाखला आहे.

आणि 95 गावांत शिबिरं घ्यावीत. निवाडा, सातबारा आणि वारसांची यादी घेऊन महसूल खात्याचा आणि सिडकोचा माणूस चावडीवर एकत्र बसावा, गावासमोर एकेक नाव वाचावं, आक्षेप तिथेच ऐकावेत, नोंद तिथेच करावी. याला उशीर चालणार नाही. नामाला प्रत्यक्ष पाहिलेली, त्याला हाक मारलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. ती गेली की नातवाची शपथच तेवढी उरेल. या पावसाळ्यानंतर, भातकापणी आटोपली की सुरुवात करता येईल. शिबिरात टाईप करायला कुणी हवं असेल तर मी येईन. त्याचे पैसे मला नकोत.